‘रन’ : हिरव्या कॅप्सूलचं नाव विचारणारी मुलगी

‘रन’ हा सिनेमा पाहून झाल्यावर आमच्या घरात आणि गल्लीत जी चर्चा झाली, ती सगळी त्यातल्या आईवर झाली. मला मात्र बाटलीवर बोलायचं आहे. नागपुरात मेडिकल चौकाच्या परिसरात माझं औषधांचं दुकान आहे. बी.फार्म. झाल्यापासून मी काउंटरलाच उभी आहे. स्ट्रिप कापायची, चिठ्ठी वाचायची, कोणती गोळी जेवणाआधी नि कोणती नंतर ते सांगायचं, यात माझा दिवस जातो. या सिनेमाचं सगळं रहस्य औषधाच्या एका बाटलीत भरलेलं आहे, आणि त्या बाटलीविषयी कोणीच बोलत नाही हे मला खटकलं.

आधी थोडी माहिती. अनीश चगंटी हा भारतीय आईवडिलांचा, अमेरिकेत वाढलेला दिग्दर्शक. ‘रन’ हा त्याचा दुसरा सिनेमा. पहिला ‘सर्चिंग’, २०१८ चा. त्यात हरवलेल्या मुलीला शोधणारा बाप होता आणि सगळी गोष्ट कॉम्प्युटर नि मोबाइलच्या पडद्यावर घडत होती. इथं बापाच्या जागी आई आहे. घरात कॉम्प्युटर आहे, पण मुलीला त्याची गरज पडते नेमकं त्याच वेळी इंटरनेट बंद होतं. हा सिनेमा मे २०२० मध्ये, मदर्स डेच्या तोंडावर, अमेरिकेतल्या थिएटरांत लागायचा होता. करोना आला, थिएटरं बंद पडली, आणि शेवटी २० नोव्हेंबर २०२० ला तो हुलू या अमेरिकन स्ट्रीमिंग सेवेवर आला. हुलू आपल्याकडे नाही, आपल्याकडे तो नेटफ्लिक्सवर आला. दीड तासाचा आहे, आणि त्या दीड तासात उगाच लांबवलेलं असं फार थोडं आहे.

गोष्ट अशी. वॉशिंग्टन राज्यात पास्को नावाचं गाव आहे. तिथं वस्तीपासून दूर एका घरात डायन शर्मन आणि तिची सतरा वर्षांची मुलगी क्लोई दोघीच राहतात. क्लोई वेळेआधी जन्मलेली. हृदयाचे ठोके अनियमित, रक्तात लोह जास्त, दमा, मधुमेह, आणि पाय लुळे. शाळा घरीच, आईच शिकवणार. पोरगी हुशार आहे, इलेक्ट्रॉनिक्सची खटपट करते, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या प्रवेशाच्या पत्राची रोज वाट पाहते. पण पोस्टमनच्या गाडीचा आवाज आला की आई तिच्याआधी दाराबाहेर. एके दिवशी आईने आणलेल्या किराण्याच्या पिशवीतून क्लोई चोरून चॉकलेट काढायला जाते आणि तिच्या हाताला एक बाटली लागते. आत हिरव्या कॅप्सूल. बाटलीवर नाव आईचं. आणि रात्री त्याच हिरव्या कॅप्सूल आई तिला खायला देते.

इथून पुढे मी सगळं उघड करणार आहे. ज्यांना सिनेमा कोरा पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून घ्यावा.

आम्ही तो पाहिला मानेवाड्याला, नणंदेच्या घरी, ऐन मे महिन्यात. नागपूरच्या मेमध्ये कूलरशिवाय बसवत नाही, पण माझा सल्ला आहे की हा सिनेमा कूलरच्या घरघराटात पाहू नका. रात्री उशिरा, हवा जरा निवल्यावर पाहा. यात महत्त्वाचं सगळं बारीक आवाजांत आहे: जिना चढवणाऱ्या खुर्चीची मोटर, बाटलीच्या झाकणाची टकटक, खालच्या मजल्यावर आईची पावलं. टॉरिन बोरोडेलचं संगीतही त्या आवाजांना जागा ठेवूनच येतं. खाली अक्षरं लावली तर इंग्रजी फार जड नाही. सासूबाईंना अर्धं आम्ही सांगितलं, अर्धं त्यांना चेहऱ्यांवरून कळलं.

सासूबाईंचं मत पहिल्या अर्ध्या तासातच ठरलं होतं. “अशी माय कुठं राहते का? सख्खी नसंल ते.” नणंदेला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, आजारी लेकराची माय अशीच होते, रात्र-रात्र जागून डोकं फिरतं बाईचं. नणंदेची मुलगी अकरावीला आहे, नीटचा क्लास लावलेला, मोबाइल रात्री दहानंतर आईच्या कपाटात. ती सगळा वेळ गप्प होती. क्लोई मध्यरात्री कॉम्प्युटरवर त्या औषधाचं नाव टाइप करते आणि नेमकं त्याच क्षणी नेट जातं, तेव्हा ती एकदम म्हणाली, “मामी, तिची आई तिच्या मागंच उभी असंल बघ.” क्लोईच्या मागे अंधारात आई खरंच होती. आमच्या खोलीत तेव्हा जी शांतता पसरली, तेवढी नंतरच्या कुठल्याच मारामारीला पसरली नाही.

आता बाटलीकडे येते. आईकडे प्रत्येक प्रश्नाला हसतमुख उत्तर तयार असतं. क्लोईला ते पटत नाही. औषधं वरच्या कपाटात, तिचा हात पोचत नाही. लांबून वस्तू पकडायचा चिमटा घेऊन ती बाटली खाली काढते. बघते तर बाटलीवर आता तिचंच नाव. ती नखाने लेबलचा कोपरा उचलते, आणि खाली दुसरं लेबल, आईच्या नावाचं. मी खुर्चीत पुढे सरकून बसले ते इथं. चाकू नाही, भूत नाही, रक्त नाही. लेबलावर लेबल एवढंच आहे, आणि औषधाच्या धंद्यातल्या माणसाला याहून भयंकर काही दाखवता येणार नाही.

माझा नवरा म्हणाला, आपल्याकडे हे जमणारच नाही. अमेरिकेत गोळ्या मोजून नारिंगी बाटलीत भरतात आणि दुकान वरून स्वतःचं लेबल चिकटवतं. आपल्याकडे कंपनीची स्ट्रिप येते, तिच्यावर नाव छापलेलं असतं. त्याचं म्हणणं वरवर बरोबर आहे. पण दहाच्या स्ट्रिपमधून मी चार गोळ्या कापून देते तेव्हा गिऱ्हाइकाच्या हातात पुष्कळदा नावाचं शेपूटच जातं. मुदतीची तारीख नि बॅच नंबर असलेला तुकडा दुकानात ठेवावा लागतो, नाहीतर उरलेल्या गोळ्या विकता येत नाहीत. घरी गेल्यावर त्या चार गोळ्या सकाळ-दुपार-रात्र लिहिलेल्या प्लास्टिकच्या डबीत पडतात. मग पुढच्या महिन्यात आजोबा येतात आणि म्हणतात, “ती बीपीची बारकी पांढरी द्या, अन् एक गुलाबी.” पांढऱ्या गोळ्या माझ्या दुकानात शेकड्याने आहेत. नाव विचारलं तर म्हणतात, नाव सुनेला माहीत. म्हणजे औषध खाणारा वेगळा आणि औषधाचं नाव माहीत असणारा वेगळा, ही स्थिती आपल्याकडे घरोघरी आहे. बहुतेक घरांत ती सून चांगली असते, म्हणून निभतं.

सिनेमात क्लोईला पहिला पुरावा मिळतो तोही रंगाचाच. नेट नाही, म्हणून ती फोनवरून कुठल्यातरी अनोळखी माणसाला गाठते आणि विनवण्या करून त्याच्याकडून औषध शोधून घेते. ‘ट्रायगॉक्सिन’ असं नाव त्या बाटलीवर आहे. तो माणूस सांगतो, या नावाची गोळी लाल दिसते आहे. क्लोईच्या हातात हिरवी. तेवढ्याने तिचं जग हलतं. मला हा प्रसंग फार आवडला, कारण माझ्या काउंटरवर गोंधळ उलगडतात ते असेच, रंगावरून, आकारावरून, “मागच्या टायमाला अशी नव्हती” म्हणणाऱ्या एखाद्या जागरूक पेशंटमुळे.

पुढचा औषधाच्या दुकानातला प्रसंग. आई-मुलगी गावात सिनेमा पाहायला जातात. टॉयलेटचं निमित्त करून क्लोई बाहेर पडते, व्हीलचेअर ढकलत रस्ता ओलांडते आणि समोरच्या दुकानात शिरते. रांग आहे. ती रांग मोडून पुढे जाते. काउंटरवरची बाई आधी नकार देते, दुसऱ्याच्या औषधाची माहिती सांगता येत नाही म्हणते. क्लोई थाप मारते की हा एक खेळ चालू आहे आणि मला फक्त उत्तर हवं आहे. तेव्हा बाई सांगते की ती हिरवी कॅप्सूल कुत्र्यांना देण्याची आहे, स्नायू सैल करणारी. माणसाने घेतली तर पाय बधीर पडू शकतात.

माझ्या ओळखीच्या एका औषधविक्रेत्याचं मत पडलं की त्या बाईने नियम मोडला, गिऱ्हाइकाची माहिती बाहेर दिली. मला ते अजिबात मान्य नाही. व्हीलचेअरवर बसलेलं, घामाघूम झालेलं, धाप लागलेलं पोर जर हातात कॅप्सूल धरून विचारत असेल की हे काय आहे, तर पहिलं काम त्याला सांगणं हेच. तिचं चुकलं ते त्यानंतर. क्लोईला दम्याचा झटका येतो, आई धावत येते, इंजेक्शन टोचते, पोर निपचित पडतं, आणि दुकानातली सगळी माणसं बाजूला सरकतात. आई आली ना, मग झालं. अर्ध्या मिनिटापूर्वी जिच्या तोंडून ती धक्कादायक गोष्ट बाहेर पडली, ती बाईसुद्धा आईला अडवत नाही. दिग्दर्शकाने हे मुद्दाम दाखवलं असेल तर त्याला माझा नमस्कार, कारण जगात होतं ते असंच होतं. आपल्याकडे लेकरांसाठी १०९८ हा नंबर आहे. पण समोर आई उभी असताना तो लावायला हात पुढे होणारी माणसं किती असतील, मला शंका आहे.

कुत्र्याच्या औषधाविषयी थोडं सांगते. आपल्या औषध नियमांत जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर ते माणसांसाठी नाही, फक्त जनावरांच्या उपचारासाठी आहे, असं ठळक छापावं लागतं आणि पाळीव जनावराच्या डोक्याचं चित्रही द्यावं लागतं. निरक्षर माणसालाही ओळखता यावं म्हणून ते चित्र. इकडे सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे अशी चिठ्ठी घेऊन येणारे माझ्याही दुकानात येतात, आणि मी ते पाकीट प्रत्येक वेळी वेगळं बांधून, वर ‘कुत्र्यासाठी’ लिहून देते. सिनेमा पाहिल्यापासून अक्षर जरा मोठं काढते.

शास्त्राच्या बाजूने सिनेमा कुठे खरा, कुठे खोटा, हेही विचारलं गेलं. ट्रायगॉक्सिन आणि रिडोकेन (त्या कुत्र्याच्या हिरव्या कॅप्सूलचं सिनेमातलं नाव) ही दोन्ही नावं बनावट आहेत, बाजारात मिळणार नाहीत. ती कानाला खरी वाटतात, कारण डिगॉक्सिन हे हृदयाचं खरं औषध आहे आणि लिडोकेन हे बधिरतेचं. नावं बनावट ठेवली हे शहाणपणाचं केलं. पण फक्त पायच लुळे पाडणारी आणि हात, मान, श्वास यांना धक्का न लावणारी गोळी ही कल्पना आहे. पोटातून घेतलेलं औषध रक्तात जातं आणि रक्त सगळ्या अंगात फिरतं. खरं काय आहे, तर वर्षानुवर्षं पाय वापरलेच नाहीत की स्नायू झिजतात आणि सांधे आखडतात. त्यामुळे शेवटी, सात वर्षांनंतरही, क्लोई काठी टेकून जेमतेम काही पावलं चालते, हे मला पटलं. तिथं दिग्दर्शकाने तिला धावायला लावलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या. त्याने तो मोह टाळला.

आणि त्या आईच्या आजाराला नाव आहे. स्वतः आजारी असल्याचं सोंग घेणाऱ्या माणसांसाठी रिचर्ड अॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५१ मध्ये ‘मुंचाउझेन सिंड्रोम’ हे नाव दिलं, बाता मारण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एका जर्मन बॅरनवरून. पुढे १९७७ मध्ये रॉय मेडो या बालरोगतज्ज्ञांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा आयांबद्दल लिहिलं ज्या स्वतःच्या लेकराच्या आजाराची खोटी लक्षणं सांगत, नमुन्यांत भेसळ करीत, लेकराला काहीबाही खाऊ घालत, आणि दवाखान्यात मात्र सगळ्यांत प्रेमळ आई म्हणून नर्सांच्या कौतुकाच्या धनी होत. त्याला मुंचाउझेन सिंड्रोम बाय प्रॉक्सी म्हणतात. मेडो यांच्या त्या लेखातल्या आया सख्ख्या होत्या, आणि आजवर नोंदल्या गेलेल्या प्रकरणांतही बहुतेक वेळा सख्खी आईच निघते.

माझी मोठी तक्रार इथंच सुरू होते. क्लोईला तळघरात एक पेटी सापडते. तिच्यात ती लहानपणी स्वतःच्या पायांवर उभी असलेला फोटो, तिचं युनिव्हर्सिटीचं पत्र, जन्मल्यावर दोन तासांत गेलेल्या खऱ्या क्लोईचा मृत्यूचा दाखला, आणि दवाखान्यातून बाळ चोरीला गेल्याची बातमी. म्हणजे डायनने दुसऱ्याचं मूल पळवून आणलेलं. सासूबाई टाळी वाजवून म्हणाल्या, “म्हटलं नव्हतं मी? सख्खी नाही!” आणि खोलीत सगळ्यांनाच हायसं वाटलं. नणंदेच्या चेहऱ्यावर तर मला स्पष्ट दिसलं. नंतर ज्यांच्या-ज्यांच्याशी बोलले, शेजारच्या काकू असोत की दुकानात येणारी नर्स, सगळ्यांनी याच जागी सुटकेचा श्वास सोडल्याचं सांगितलं. आई नव्हतीच ती, चोर होती.

मला हा सिनेमाचा पराभव वाटतो. पहिला तासभर त्याने एक फार अवघड गोष्ट धरून ठेवली होती. या बाईचं एकेक काम सुटं करून पाहिलं तर त्यात वावगं काही नाही. गोळ्या वेळेवर, जेवण मोजून, अभ्यास घेणं, टपाल आणणं, रात्री पांघरूण सारखं करणं. हे सगळं एकत्र बांधलं की तुरुंग होतो, हे पाहताना प्रत्येक आई मनात आपलं घर चाचपत होती. नणंदही चाचपत होती, मी पाहत होते. पेटी उघडली आणि तो प्रश्नच निकालात निघाला. डायन सख्खी असती, खरी क्लोई जगली असती आणि तरीही हेच सगळं घडलं असतं, तर सिनेमा संपल्यावर आम्ही जेवायला बसलो नसतो. भाची माझ्या बाजूची निघाली. ती म्हणाली, “चोर दाखवली म्हणून आई सुटली ना.” कोणती आई ते तिने सांगितलं नाही.

पेटीनंतर लगेच एक प्रसंग आहे, त्यावर अमेरिकेत कोणी फार बोललं असेल असं वाटत नाही, पण विदर्भातल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. तळघरात कोंडलेली क्लोई आईला म्हणते की तुला मी हवी आहे, आणि ऑर्गॅनोफॉस्फेटची बाटली तोंडाला लावते. आता आई दवाखान्यात नेईलच, हा तिचा हिशेब. ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणजे कीटकनाशकांतलं विष. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आम्ही विसरलेलो नाही. इथं मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, गावाकडून असे पेशंट येतात. घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अॅट्रोपिन नि पॅम या उताऱ्याच्या इंजेक्शनांसाठी नातेवाईक रात्री-बेरात्री शटर वाजवतात. त्यातला कोणी पुढच्या दृश्यात डोळे उघडून कागद-पेन्सिल मागत नाही. सिनेमाला ती एक डावपेचाची चाल वाटली, मला ती चाल म्हणून बघता आली नाही. ज्यांच्या घरात असं काही होऊन गेलं असेल, त्यांनी हा भाग पुढे ढकलावा.

आता जे निखळ चांगलं आहे त्याकडे. सक्करदऱ्याला मोबाइल दुरुस्ती करणारे एक भाऊ माझे नेहमीचे गिऱ्हाईक आहेत. लहानपणी पोलिओ झालेला, तीनचाकी स्कूटरवर येतात. त्यांना मी सिनेमा सुचवला, आणि त्यांनी जे सांगितलं ते मला दिसलंच नव्हतं. ते म्हणाले, “ताई, ही पोरगी खुर्ची खरोखर चालवणारी आहे. दारातून निघताना तिनं कोपर कसं आत घेतलं पाहिलं का? आपण शिकून नाही करू शकत ते.” आणि खरंच आहे. क्लोई झालेली कियेरा अॅलन स्वतः व्हीलचेअर वापरते, हा तिचा पहिलाच सिनेमा. १९४८ मध्ये सुझन पीटर्स हिने अशी भूमिका केली होती, तीही खऱ्या आयुष्यात व्हीलचेअरवर होती. तिच्यानंतर थरारपटात हे इतक्या वर्षांनी घडलं असं सांगतात. त्या भाऊंना आणखी एक गोष्ट आवडली, की पोरगी रडून कोणाची दया मागत नाही, डोकं चालवते.

डोकं कसं चालवते त्याचा नमुना म्हणजे छपराचा प्रसंग. आईने तिला वरच्या खोलीत कोंडलंय. क्लोई खिडकीतून उतारावर उतरते, फक्त हातांच्या जोरावर सरपटत दुसऱ्या खिडकीपर्यंत जाते. सोबत तिची सोल्डरिंगची कांडी आणि तोंडात पाण्याचा घोट. ती काचेला तापलेली कांडी धरून ठेवते, काच तापू देते, आणि मग तोंडातलं पाणी त्यावर टाकते. तापलेली काच एकदम गार पडली की तडकते, गरम कंदिलावर पावसाचा थेंब पडावा तशी. सतरा वर्षं घरात कोंडून शिकवलेलं विज्ञान तिने आईविरुद्ध वापरलं. आणि तोंडात पाणी धरल्यामुळे एवढ्या वेळात तिला ओरडता येत नाही, तोंडाने श्वास घेता येत नाही, आणि तिला दमा आहे. आम्हीही श्वास धरूनच बसलो होतो. या एका प्रसंगासाठी मी सिनेमा पुन्हा पाहीन.

सारा पॉलसनने केलेली आई लोकांना ‘सायको’ वाटली. मला ती भयानक वाटली ते तिच्या नेटकेपणामुळे. गोळ्यांची वाटी पुढे करताना तिचा हात थरथरत नाही, ती खाली वाकून, मुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलते, पालकांना शिकवतात अगदी तसं. आवाज चढतो तो फार उशिरा. शेवटच्या भागात दवाखान्यातून पळवापळवी, पिस्तूल, जिना वगैरे आहे, ते ठीक आहे. माझ्या दुकानातल्या मुलाला तोच भाग सगळ्यांत आवडला.

सिनेमा पाहताना माझ्या डोळ्यांसमोर सतत आमच्या काउंटरवरच्या आया येत होत्या. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ. गडचिरोली, चंद्रपूरहून लेकरांना घेऊन बाया मेडिकलला येतात, महिनाभराच्या कॅप्सूल घेऊन रात्रीच्या गाडीने परत जातात. एक आई आहे, तिची मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल. आई चिठ्ठी माझ्याकडे देत नाही, मुलीकडे देते. मुलगी काउंटरवर हनुवटी टेकवून अडखळत वाचते, “हाय-ड्रॉक्सी-युरिया. अन् फॉलिक अॅसिड.” मी स्ट्रिप पुढे ठेवली की मुलगी नाव जुळवून बघते, तारीख बघते, मगच आई पैसे काढते. मी एकदा विचारलं, तर ती म्हणाली, “मी काय जन्मभर पुरणार आहो का जी तिले?” मला डायनच्या उलट टोकाची बाई तीच दिसते.

राहिला शेवट, ज्यावर सगळ्यांत जास्त भांडण झालं. सात वर्षांनी क्लोई तुरुंगाच्या दवाखान्यात खिळलेल्या डायनला भेटायला जाते. आपल्या घराविषयी, माणसांविषयी मोकळेपणाने सांगते. मग तोंडात लपवून आणलेल्या हिरव्या कॅप्सूल बाहेर काढते आणि आईला तोंड उघडायला सांगते. भाचीला हे प्रचंड आवडलं. सासूबाई म्हणाल्या, “मंग फरक काय राहिला दोघींत?” दुकानात येणाऱ्या नर्सचं मत, एवढं सोसल्यावर कोणीही हेच करेल. माझं मत सासूबाईंच्या बाजूने आहे. सबंध सिनेमा ज्या पोरीने जिवाच्या आकांताने औषधाचं नाव विचारलं, तिनेच आता ते समोरच्याला न सांगता घशात टाकायचं, हा धक्का म्हणून चांगला आहे, पण त्या पोरीवर अन्याय आहे. भाचीशी यावर मी अजून भांडते. ती म्हणते, मामी, तुला मेडिकलमधून बाहेर पडताच येत नाही.

आणि त्या सात वर्षांत काय झालं हे दाखवलंच नाही, याची मला खरी हळहळ आहे. एका जोडप्याचं बाळ दवाखान्यातून गेलं होतं. सतरा वर्षांनी ती मुलगी त्यांच्यासमोर आली असेल. त्यांनी तिला कोणत्या नावाने हाक मारली? तिने पहिल्यांदा त्यांच्या घरात गोळ्या घेतल्या असतील, तेव्हा त्या आईने बाटली कुठे ठेवली? दीड तासाच्या सिनेमात वीस मिनिटं यासाठी वाढवली असती तर मी आनंदाने बसले असते. चगंटीने पुढे कधी हा भाग केला, तर मी पहिल्या दिवशी पाहीन. तोवर पाच पैकी साडेतीन.